आता मराठीत सांग

"बीट बंद कर," बाई म्हणाली. "आता तेच वाच. नुसतं."

ते इंग्रजी रॅप गाणं मला तोंडपाठ होतं. पंधरा-सोळा वर्षं पाठ होतं. कुठे श्वास घ्यायचा, कुठे चार शब्द एका मात्रेत बसवायचे, कुठल्या यमकावर आवाज खाली आणायचा, सगळं अंगात भिनलेलं. मी फोनवर शब्द उघडले आणि वाचायला लागलो. पहिल्या दोन ओळी सुरळीत गेल्या. तिसऱ्या ओळीत एका मुलीविषयी जे म्हटलं होतं तिथे जीभ जराशी अडखळली, पण मी पुढे रेटलं आणि कडवं संपवलं.

"झालं? आता मराठीत सांग."

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. खोलीत आम्ही चौघंच होतो आणि एकमेकांपासून लपवण्यासारखं फारसं काही उरलेलं नव्हतं. तरी ती ओळ मराठीत माझ्या तोंडून फुटेना. मराठीत ती ओळ आईला कळली असती. बहिणीला कळली असती. समोर बसलेल्या बाईला तर कळणारच होती, आणि ती माझ्याकडे शांतपणे बघत होती. ती रागावलेली नव्हती. वाट बघत होती.

परक्या भाषेतली शिवी आपल्याला भाजत नाही. कानाला ती नुसता आवाज असते, टाळीसारखी. मी इतकी वर्षं जे मोठमोठ्याने म्हणत होतो त्याचा अर्थ मला माहीत नव्हता असं अजिबात नाही. अर्थ माहीत होता, पण तो माझ्यापर्यंत पोहोचत नव्हता. आणि तो पोहोचू नये ही सोय मला हवीच होती, हे त्या रात्री पहिल्यांदा लख्ख कळलं.

आमच्या चौघांत बाई शाळेत शिकवते म्हणून बाई. वकील खरोखरच वकिली करतो. धाकटा आमच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, म्हणून आजही धाकटाच. महिन्यातून दोनदा तरी आम्ही जमतो. कुणीतरी गाणं लावतं आणि त्यावरून वाद सुरू होतो. हिप-हॉप आता मेलंय का, जुनं खरं की नवं खरं, ऑटोट्यूनवाल्याला, म्हणजे यंत्राने आवाज सुरात आणणाऱ्याला, रॅपर म्हणायचं का, यावर आम्ही शेकडो तास घालवले आहेत. त्यातलं आज काहीही आठवत नाही. आठवतात ते ज्या वादांनी आमच्यापैकी कुणाला तरी जागेवरून हलवलं ते.

त्या रात्री वकील गप्प बसणं शक्यच नव्हतं.

"तू आत्ता त्याला जे करायला लावलंस ना, तेच सरकारी वकील करतात," तो बाईला म्हणाला. "अमेरिकेत वर्षानुवर्षं रॅपरच्या वहीतल्या ओळी ज्यूरीपुढे, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांपुढे, वाचून दाखवल्या जातात. कशा? बीट बंद करून. सपाट आवाजात. जणू तो कबुलीजबाबच आहे. शेवटी 2022 साली कॅलिफोर्नियाला कायदा करावा लागला, की अशा ओळी पुरावा म्हणून पुढे आणायच्या आधी न्यायाधीशाने नीट बघावं, त्यांनी ज्यूरीच्या मनात वंशाविषयीचा पूर्वग्रह तर जागा होणार नाही ना. कादंबरीत खुनी रंगवला म्हणून कादंबरीकाराला कुणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही. यांनाच का करायचं?"

हा मुद्दा बिनतोड होता. मला वाटलं सुटलो.

बाई थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "सरकारी वकील ते दुसऱ्याला आत टाकायला वाचतो. मी याला स्वतःला ऐकू यावं म्हणून वाचायला सांगितलं."

त्यावर वकिलाकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. आणि त्याचंही म्हणणं खोटं ठरलं नाही, हेही तितकंच खरं.

वकील हिप-हॉपचा इतिहास सांगायला लागला की त्याला थांबवता येत नाही, आणि मला तो थांबवावासाही वाटत नाही. त्याची सुरुवात नेहमी रस्त्यापासून होते. 1948 ते 1972 या काळात न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागातून क्रॉस ब्राँक्स एक्स्प्रेसवे नावाचा महामार्ग नेला गेला. भरवस्तीच्या मधोमध. हजारो कुटुंबांची घरं गेली, ज्यांना जमलं ते निघून गेले, जे मागे राहिले त्यांच्या इमारतींची किंमत उतरत गेली. पुढे विम्याच्या पैशासाठी घरमालकांनी आपल्याच इमारती पेटवून द्यायला सुरुवात केली. अग्निशमन केंद्रं तर त्याच काळात खर्च वाचवायला बंद होत होती. ब्राँक्समधल्या सात जनगणना विभागांनी 1970 ते 1980 या दहा वर्षांत आपल्या 97 टक्क्यांहून जास्त इमारती गमावल्या. आगीत, नाहीतर ओस पडून.

मग तो 1971 च्या डिसेंबरवर येतो. इथे त्याचा आवाज बदलतो. ब्राँक्समध्ये तेव्हा टोळ्याच टोळ्या. त्यातल्या घेट्टो ब्रदर्स टोळीचा कॉर्नेल बेंजामिन हा पोरगा भांडण मिटवायला गेला आणि त्यालाच मारून टाकलं. सगळ्यांना वाटलं आता रक्ताचे पाट वाहणार. पण बेंजामिनच्या आईने सांगितलं, सूड नको. टोळीने ते मानलं. 8 डिसेंबरला होई अॅव्हेन्यूवरच्या बॉइज क्लबात एकमेकांचे जानी दुश्मन एका छताखाली बसले. ज्याची जी तक्रार ती त्याने सगळ्यांच्या तोंडावर सांगितली, आणि तह झाला. तो काही कायम टिकला नाही. पण पोरांना एकमेकांच्या हद्दीतून जाता यायला लागलं, आणि दुसऱ्या हद्दीतल्या नाचाला जाता आलं नसतं तर पुढचं काही घडलंच नसतं, असं वकील म्हणतो. मलाही ते पटतं.

पुढचं म्हणजे 11 ऑगस्ट 1973. 1520, सेजविक अॅव्हेन्यू. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून तिने इमारतीच्या सामायिक खोलीत पार्टी ठेवली. मुलींना 25 सेंट, मुलांना 50. गाणी लावायला भाऊ, क्लाइव्ह कॅम्पबेल. अठरा वर्षांचा, लहानपणी जमैकाहून आलेला, डीजे कूल हर्क या नावाने ओळखला जाणारा. त्याच्या एक लक्षात आलं होतं, की नाचणारे एका ठरावीक जागेची वाट बघत असतात. गाणारा थांबतो, वाद्यं थांबतात, काही सेकंद नुसता ड्रम वाजतो, ती जागा. तिला ब्रेक म्हणतात. त्याने त्याच रेकॉर्डच्या दोन प्रती घेतल्या आणि एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू, असं करत ते काही सेकंद हवे तितके लांबवले.

मला या गोष्टीत सगळ्यात आवडतं ते हे की एवढ्या मोठ्या संस्कृतीची सुरुवात शब्दांपासून झालेली नाही. शब्द थांबतात त्या जागेपासून झाली.

एका सुट्टीच्या दुपारी आम्ही हे स्वतः करून बघितलं. वकिलाकडे जुना रेकॉर्ड प्लेअर होता. ग्रँडमास्टर फ्लॅशने सत्तरच्या दशकात यात आणखी नेमकेपणा आणला. ब्रेक जिथे सुरू होतो तिथे त्याने रेकॉर्डवर क्रेयॉनने रेघ मारली, घड्याळाच्या काट्यासारखी, आणि रेघ किती वेळा फिरली ते मोजून तितकेच फेरे हाताने उलटे फिरवून तो बरोबर त्याच जागी परत यायचा. रेकॉर्ड हातात फिरावी आणि खालची तबकडी मात्र चालू राहावी, म्हणून मध्ये फेल्टचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, गोल कापड घातलं. फेल्ट लुळं पडतं, म्हणून त्याला स्टार्च मारून इस्त्री केली. धाकट्याने तेच केलं. फेल्टचा गोल कापला, त्याला खळ दिली, उलटसुलट इस्त्री फिरवली आणि पापडासारखा ताठ झालेला तो गोल तबकडीवर ठेवला. वकिलाने पांढऱ्या क्रेयॉनने रेघ ओढली. रेकॉर्डला बोट लावताना माझा हात थरथरला, कारण लहानपणापासून ऐकलेलं एकच: रेकॉर्ड कडेने धरायची, वरून हात लावायचा नाही. पहिल्या वीसेक वेळा सुई घसरली. मग एकदा, फक्त एकदा, धाकट्याने सहा फेरे मागे नेऊन रेकॉर्ड सोडली आणि ड्रम जिथून हवा होता तिथूनच सुरू झाला. आम्ही चौघंही ओरडलो.

हे सगळं प्रेम खरं आहे. म्हणूनच बाईचा प्रश्न झटकून टाकता येत नाही.

वकील म्हणतो की गाण्यातली हिंसा कुठून आली ते बघा. 1986 च्या अमेरिकन कायद्याने पाच ग्रॅम क्रॅक, म्हणजे कोकेनचेच ओढायचे खडे, विकणाऱ्याला जी किमान पाच वर्षांची सक्तीची शिक्षा ठेवली, तीच कोकेनच्या पावडरीला पाचशे ग्रॅमसाठी ठेवली. नशा तीच, फरक शंभर पट. क्रॅक गरीब काळ्या वस्त्यांत विकलं जायचं आणि त्यासाठी तुरुंगात गेलेले बहुतेक तिथलेच. 2010 साली तो फरक अठरा पटींवर आणला, संपवला नाही. ज्या पोराचे काका, भाऊ, बाप असे गेले, त्याने गाण्यात फुलं-पाखरं आणायची का?

"नाही," बाई म्हणते. "पण त्याची आई आणि बहीण कुठे होती रे तेव्हा? त्याच वस्तीत ना?"

आणि ती सी. डिलोरेस टकर यांचं नाव काढते. मला हे नाव विशीत माहीत होतं. कसं माहीत होतं ते सांगायला आज जड जातं. टुपाक शकूर या रॅपरच्या एका गाण्यात त्यांच्या नावाशी शिवीचं यमक जुळवलेलं आहे. मी ते म्हणून हसायचो. या बाई कोण हे शोधावंसं मला कधी वाटलं नाही. त्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर काळ्यांच्या मताधिकारासाठीच्या सेल्माच्या मोर्चात चालल्या होत्या. 1971 साली पेनसिल्व्हेनियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट झाल्या, त्या पदावर आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. नव्वदच्या दशकात त्यांनी रेकॉर्ड कंपन्यांच्या दारात जाऊन विचारलं, की आमच्या मुलींविषयीच्या या भाषेवर तुम्ही पैसा का कमावता? त्यांचं सगळंच मला पटत नाही. गाण्यांवर बंदीच्या वाटेने जाणारी मागणी मला आजही धोक्याची वाटते. पण एका माणसाचं अख्खं आयुष्य मला एका यमकापुरतं माहीत होतं, याचं मला वाईट वाटतं.

टुपाकचं काय करायचं, यावर आम्ही सर्वांत जास्त भांडलोय. 1991 सालच्या पहिल्याच अल्बममध्ये त्याने बारा वर्षांच्या एका मुलीची गोष्ट सांगितली. गर्भार राहिलेली, कुणीच जवळ न केलेली. ती ऐकून बाईसुद्धा रडते. 1995 साली त्याने आईविषयी जे गायलं तसं फार थोड्या मुलांना आईविषयी बोलता येतं. आणि त्या दोन्हींच्या मध्ये, 1994 च्या डिसेंबरमध्ये, ज्यूरीने त्याला एका स्त्रीवरच्या लैंगिक अत्याचारासाठी दोषी ठरवलं. त्याने ते शेवटपर्यंत नाकारलं. यातलं एक खरं आणि बाकीचं खोटं असं मला मानता आलं असतं तर बरं झालं असतं. 1996 च्या सप्टेंबरमध्ये तो गेला तेव्हा पंचविसाचा होता. मी पंचविशीत जसा होतो तसाच मला कुणी कायमचा गोठवून ठेवलं असतं तर माझ्याविषयी लोकांना काय कळलं असतं, हा विचार त्याचं गाणं लागलं की येतो.

ज्यांना वेळ मिळाला त्यांच्याकडे म्हणूनच मी बारकाईने बघतो. बीस्टी बॉइज या रॅप गटाचं मी नेहमी उदाहरण द्यायचो. 1986 सालच्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये मुली म्हणजे चेष्टेचा विषय. अल्बम प्रचंड खपला. 1994 साली त्यांच्यातल्या अॅडम याउकने नव्या गाण्यात, स्वतःच्या आवाजात, यमकात म्हटलं की स्त्रियांचा हा अपमान आता थांबला पाहिजे, आणि हे फार आधीच म्हणायला हवं होतं. ज्या जागी चूक केली त्याच जागी, त्याच ठेक्यावर ती सुधारली. बाईने मला मराठीत सांग म्हटल्यानंतरच्या काळात मी ती ओळ प्रत्येकाला ऐकवत सुटलो होतो.

"बदललो म्हणायला काय जातं?" वकील विचारायचा. "त्यावरही अल्बम खपतो."

"मग पुढे काय केलं ते बघायचं," बाई म्हणायची.

मी तेव्हा मनातून निर्धास्त होतो. मला वाटत होतं मी बदललोय. काही गाणी मी म्हणायची सोडली होती, काही शब्द जिभेवरून गेले होते. एका बाबतीत सुधारलेला माणूस दुसऱ्या बाबतीत किती बेफिकीर होतो, हे मला धाकट्याने दाखवलं.

धाकटा गाणं म्हणताना एक गोष्ट करतो. काळ्या लोकांसाठी गोऱ्यांनी शतकानुशतकं वापरलेला जो शब्द आहे, जो आता तेच आपापसात वेगळ्या मायेने वापरतात, तो आला की तो गप्प बसतो. एक मात्रा रिकामी सोडतो आणि पुढच्या शब्दावर बरोबर येतो. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो शब्द आम्ही एकदा मराठीत आणायचा प्रयत्न केला होता. आलाच नाही. शब्द मिळाला असता, पण त्याच्या मागची जहाजं, बाजार, साखळदंड कुठून आणणार? धाकटा म्हणाला, "जे आपलं नाही ते राहू दे की." तेव्हापासून आम्हीही ती मात्रा रिकामी सोडतो.

2022 साली केंड्रिक लमार या रॅपरचा अल्बम आला. त्यातल्या एका गाण्यात तो आपल्या कुटुंबातल्या दोन ट्रान्स माणसांविषयी बोलतो. लहानपणी आपण समलिंगी माणसांसाठी कोणता शब्द किती सहज वापरायचो ते सांगतो, आणि सांगताना तो शब्द पुन्हा पुन्हा उच्चारतो. शेवटी एक प्रसंग येतो. त्याने स्टेजवर बोलावलेल्या एका गोऱ्या मुलीने गाताना ती रिकामी ठेवायची मात्रा रिकामी ठेवली नव्हती आणि त्याने तिला थांबवलं होतं. तिला तो शब्द वर्ज्य, मग मला हा शब्द कसा चालतो? असा तो न्याय. गाणं संपल्यावर वकील आणि बाई एकमेकांवर तुटून पडले. माफी मागताना तीच जखम उघडायची का? नाव न घेता चूक कबूल होते का? मीही त्यात उतरलो आणि परत याउकचं उदाहरण दिलं.

"दादा," धाकटा मला म्हणाला. "1994 ची ती ओळ तू आम्हाला दहा वेळा ऐकवलीस. 1999 चं पत्र एकदा तरी वाचलंस का?"

मला कुठलं पत्र ते कळेना.

त्याने सांगितलं. बीस्टी बॉइजच्या त्या पहिल्या अल्बमचं आधी ठरवलेलं नावच समलिंगी पुरुषांना हिणवणारं होतं. कंपनीने ते ठेवू दिलं नाही. 1999 साली त्यांच्यातल्या अॅडम होरोवित्झने न्यू यॉर्कच्या एका साप्ताहिकाला पत्र लिहून समलिंगी लोकांची माफी मागितली. "ते पत्र मला सोळाव्या वर्षी सापडलं," धाकटा म्हणाला. "पाठ आहे मला. तुम्ही लोक तो शब्द एकमेकांना हाक मारल्यासारखा वापरायचात तेव्हा मी मनात ते पत्र म्हणायचो."

खोलीत कुणी हललं नाही. त्याने एवढंच सांगितलं, आणि आम्हाला जे कळायचं ते कळलं. बाईने त्याच्या हातावर हात ठेवला. मी मागची सगळी वर्षं आठवायला लागलो. तो शब्द मी कितीदा वापरला होता? एखाद्याने घाबरटपणा केला की, एखाद्याच्या डोळ्यांत पाणी आलं की. इंग्रजीत. हसत. तो याच खोलीत, बहुतेक वेळा खिडकीपाशी, बसलेला असायचा. आणि हसायचाही.

"सॉरी," मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. सॉरी आपण दिवसातून दहादा म्हणतो, धक्का लागला तरी म्हणतो. मी पुन्हा म्हणालो, "अरे, चूक झाली." आणि म्हणता म्हणताच ते वाक्य मला ऐकू आलं. चूक झाली. पाऊस झाला, उशीर झाला, तशी. करणारा कुणी नाहीच त्यात. मराठीत यासाठी पळवाटांची काही कमी नाही. राहून गेलं. तोंडून निघालं. माझं चुकलं, हेसुद्धा थोडं आडोशाचंच.

बाई माझ्याकडे बघत होती, त्या पहिल्या रात्रीसारखीच.

"मी तुझ्यासमोर तो शब्द वापरत होतो," मी म्हणालो. "वर्षानुवर्षं वापरला. तू हसायचास म्हणून मी तुझ्याकडे कधी नीट बघितलं नाही. मी चुकलो."

एवढं बोलायला मला फार वेळ लागला. मध्ये दोनदा थांबावं लागलं. वकील मान खाली घालून बसला होता. मग तोही बोलला, त्याच्या शब्दांत. ते त्या दोघांचं आहे, इथे लिहीत नाही.

धाकटा उठला. कपाटातून ती पांढऱ्या रेघेची रेकॉर्ड काढली, बाहीने पुसली. रेघ थोडी पुसट झाली होती. फेल्टचा गोल अजून तसाच ताठ होता. त्याने सुई टेकवली, गाणं सुरू झालं, दोन कडवी गेली, ब्रेक आला. रेघ एक, दोन, तीन, चार, पाच, सहा फेरे फिरली. त्याने रेकॉर्डवर बोट ठेवलं, मागे फिरवायला लागला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मोज रे दादा. चुकायला लागलं तर सांग."